टिकटिक मावशींच्या नाकावरची रेघ

बुधवारी शाळा सुटल्यावर मी स्टुडिओत पोचले, तेव्हा आत्या डार्करूमच्या दारात ओला फोटो चिमट्यात धरून उभी होती. आत्या रागावली की आवाज चढवत नाही. मान द्यायला लागते.

"आपण जरा इकडे येण्याची कृपा कराल का?"

मी दप्तर न उतरवताच गेले. फोटो टिकटिक मावशींचा होता. गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करतात ना, त्या. डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकावर मोहरीएवढा स्क्रू, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की जणू श्वास सोडला तर स्क्रू उडेल. काय फोटो होता! आणि त्याच्या मधोमध, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, एक पांढरी रेघ. पट्टीने आखावी तशी सरळ. भिंगाच्या खालून सरकलेली, मावशींचं नाक ओलांडून गेलेली, आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळांना एका दोरीत ओवून बाहेर पडलेली.

"छत्तीसच्या छत्तीस फोटोंवर आहे," आत्या म्हणाली. "रोल कोणी भरला होता?"

"मी," मी म्हणाले. पूर्वीची मी असते तर हा शब्द ओठांतच राहिला असता. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायचे की महिन्यातून चारदा गैरहजर लागायचे. पण मग आत्याने मला रोल भरायला शिकवलं आणि माझा आवाज कुठून तरी उगवला. गेल्या आठवड्यात तर मी विज्ञानाच्या तासाला सगळ्या वर्गासमोर फिल्मवर दहा मिनिटं बोलले, आणि बाईंनी टाळ्या थांबवायला डस्टर आपटला!

रोल भरणं म्हणजे काय ते सांगते. ओळखपत्रांचे फोटो आत्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढते, पण स्वतःचं काम फिल्मवर. तिला हवी ती फिल्म छोट्या तयार रोलमध्ये मिळत नाही, तीस मीटरचं एकच मोठं रीळ मिळतं. ते रीळ आत्या काळोखात लोडर नावाच्या काळ्या डब्यात बसवते. पुढचं काम उजेडात होतं आणि ते माझं. रिकामी छोटी डबी घ्यायची, आतल्या दांडीला फिल्मचं टोक चिकटवायचं, डबी लोडरमध्ये बसवायची, झाकण लावायचं, लोडरचं आतलं दार उघडायचं आणि हँडल फिरवायचं. छत्तीस आकडे मोजले की रोल तयार. डबीच्या फटीला दोन्हीकडून काळी मखमल असते. फिल्म त्या मखमलीतून सरकत आत जाते आणि उजेड मात्र बाहेरच अडकतो.

"लोडरचं दार उघडलं होतंस?"

"हो!"

"हँडल कसं फिरवलंस?"

"हळू."

"तुझं हळू म्हणजे लोकांचं धावणं. पंख्यालाही घाम फुटेल असं फिरवतेस तू." म्हणजे राग थोडा उतरला होता. "नाक दे इकडे."

"काय?"

"नाक, नाक."

तिने माझ्या नाकपुडीच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि ते बोट निगेटिव्हच्या चकचकीत बाजूवर हलकेच चोळलं. ही जुनी युक्ती आहे, आत्याच्या गुरूंची. नाकावरचा तेलकटपणा ओरखड्यात भरला की छापताना रेघ पुसट होते. "तुझ्या वयाचं नाक म्हणजे अख्खी तेलाची गिरणी," आत्या पुटपुटली. तिने पुन्हा फोटो छापला. रेघ पुसट झाली होती, पण नाकावरून हलायला तयार नव्हती. खोल होती.

आता यात घोटाळा असा की आमच्या ग्रंथालयाच्या लांब भिंतीवर आत्याचे बारा फोटो लागणार आहेत, गल्लीतल्या कामकऱ्यांचे. अकरा झालेत. बारावा टिकटिक मावशींचा, आणि त्या रविवारी सकाळी दुकान बंद करून लेकीच्या गावी कायमच्या चालल्या होत्या. परत काढायचा तर शनिवारी. शेवटची संधी.

"मावशींना मी विचारते," आत्या म्हणाली. "आणि ही रेघ आली कुठून हे कळेपर्यंत लोडरला हात लावायचा नाही."

"पण आत्या..."

"नाही म्हणजे नाही."

मला कोणी थप्पड मारली असती तरी चाललं असतं. लोडर गेला म्हणजे मी पुन्हा ओळखपत्रांचे फोटो कात्रीने कापत कोपऱ्यात बसणार. हळू आवाजात.

गुरुवारी मी वकिलाला घेऊन आले. वकील म्हणजे माझी मैत्रीण. शिपायाने घंटा दोन मिनिटं उशिरा दिली तरी ती पुरावे मागते, म्हणून नाव पडलं. स्टुडिओच्या बाकावर आजोबा आधीच येऊन बसले होते. आजोबा आत्याचे बाबा, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. वरच्या मजल्यावर राहतात, पण भांडणाचा वास आला की खाली येतात.

"कामात घाई नको," आजोबा म्हणाले. "हिला एकदा माझ्या मशीनवर बसवलं होतं. सदऱ्याची बाही खिशाला शिवून ठेवली. गिऱ्हाईक हात खिशात घालूनच घरी जायचं."

"आजोबा, मी सात वर्षांची होते!"

"म्हणून तर फक्त एकच बाही शिवलीस."

वकिलाने वही उघडली. "आत्या, संशयित किती?"

"तीन," आत्या म्हणाली. तिलाही आता मजा यायला लागली होती, मला ओळखू येतं. "कॅमेरा, लोडर आणि डबी. फिल्म या तिघांतूनच जाते."

"कॅमेरा तोच वापरता?"

"तोच. आदल्या दिवशी चांभारकाकांचा रोल काढला त्याच कॅमेऱ्यात. तो स्वच्छ आहे."

"कॅमेरा सुटला," वकिलाने लिहिलं. "चांभारकाकांचा रोल कुठल्या लोडरमधून?"

"एकच लोडर आहे आपल्याकडे. आणि भरलाही हिनेच, त्याच दिवशी."

तरी आत्याने खात्री केली. लोडरमधून वीतभर फिल्म डबीशिवाय तशीच बाहेर ओढली, कापली आणि खिडकीशी तिरपी धरली. कोऱ्या फिल्मवर ओरखडा असला तर तो उजेडात केसासारखा चमकतो. मी, वकील आणि आजोबा तिघांनी एकमेकांच्या डोक्यावरून डोकं काढून पाहिलं. काही नाही. गुळगुळीत.

"लोडर सुटला!" मी ओरडले. "आणि माझा हातही सुटला, कारण चांभारकाकांच्या रोललाही हाच हात होता!"

"तू साक्षीदार आहेस, वकील मी आहे," वकील म्हणाली. "आता डब्या."

डब्या एकूण दहा. सात काळ्या, तीन चकचकीत चंदेरी. आत्याने टाकाऊ फिल्मची लांब पट्टी घेतली आणि ती एकेका डबीच्या मखमलीतून ओढायला सुरुवात केली. पहिली काळी, स्वच्छ. दुसरी काळी, स्वच्छ. साती काळ्या झाल्या, एकही ओरखडा नाही. मग मावशींच्या रोलची रिकामी झालेली चंदेरी डबी. आत्याने पट्टी ओढली, खिडकीशी धरली. रेघ. बारीक, सरळ, निर्लज्ज.

उरलेल्या दोन चंदेरी डब्या भरलेल्या होत्या. आत्याने सुस्कारा टाकून दोन्हीतली फिल्म उजेडातच ओढून काढली. दोन रोल वाया! पण दोन्हींवर तेच. एकीवर तर दोन रेघा, आगगाडीच्या रुळांसारख्या.

"तिन्ही चंदेरी," वकिलाने लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"मग झालं," आत्या म्हणाली. "मालच खराब. चकचकीत आहे, पण मखमल हलकी असणार. तिन्ही टाकून देते."

आणि ती माझ्याकडे बघून हसली. "सुटलीस गं. उगाच तुझ्यावर घसरले."

मी सुटले! लोडर माझा! मी उडी मारायला पाय उचललाही होता. तेवढ्यात आजोबांकडे लक्ष गेलं.

त्या तीन डब्या आजोबांनी आणल्या होत्या. आत्याने स्टुडिओ उघडला तेव्हा त्यांनी फिल्ममधलं काही कळत नसताना चार दुकानं विचारत फिरून त्या शोधल्या होत्या. काळ्या मिळत होत्या, पण 'लेकीच्या दुकानात चमकणारं काहीतरी हवं' म्हणून मुद्दाम चंदेरी घेतल्या होत्या. ही गोष्ट ते दर दोन महिन्यांनी सांगतात.

"माझ्याच निघाल्या होय खराब?" आजोबा म्हणाले. त्यांनी एक डबी उचलली, मखमलीवरून अंगठा फिरवायला गेले आणि मध्येच थांबले. "कापडातलं मला कळतं असं मी समजत होतो. मखमल ओळखता आली नाही म्हणजे..."

"बाबा, तसं नाही हो," आत्या म्हणाली.

"टाक, टाक. फोटोपुढे डब्यांचं काय एवढं." आणि ते वर जायला उठले. चपला दोनदा पायातून निसटल्या.

वकील काही लिहीत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ती त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला पहिल्या बाकावर होती. माझ्या कानाशी येऊन ती कुजबुजली, "मी आरोपीच्या बाजूने लढेन. पण आरोपीने आधी उभं राहायला हवं."

मला तर त्या दोन रेघा दिसल्या तेव्हाच कळायला लागलं होतं. मी ते डोक्यातून ढकलत होते, पण ढकललेलं काही जातंय थोडंच? वर्गात दाखवायला मी ज्या तीन डब्या नेल्या होत्या, त्या चंदेरीच. काळ्या कशाला नेईन, लांबून दिसतात कुठे! आणि एरवी त्या ज्या झाकणाच्या प्लास्टिकच्या भांड्यांत असतात, त्यांतून न नेता तशाच खेळाच्या पिशवीच्या कप्प्यात टाकल्या होत्या, कारण हातात एकमेकींवर आपटल्या की छान टक-टक वाजतात. त्याच कप्प्यात माझे लांब उडीचे बूट असतात. बुटांत वाळू असते. बुटांत नेहमीच वाळू असते.

"आजोबा, थांबा," मी म्हणाले. आवाज जुना निघाला, हजेरीतला. मी घसा साफ केला. "आजोबा, थांबा! तुमच्या डब्या चांगल्या आहेत."

मी पिशवी आणली, कप्पा टेबलावर उलटा केला. एक खोडरबर, अर्धी पेन्सिल आणि वाळूचा एवढासा डोंगर. बाजूला एक चंदेरी डबी ठेवली. मग सगळं सांगितलं, शाळा, टाळ्या, टक-टक सगळं. परत आणल्यावर पुसल्या का? नाही पुसल्या. वरून चमकत होत्या ना.



"कसली वाळू?" आत्याने विचारलं.

"लांब उडीच्या खड्ड्यातली."

"किती गेलीस?" आजोबांनी विचारलं.

"चार मीटर दहा."

"वा!"

"बाबा!" आत्या म्हणाली.

"अगं, पण चार मीटर दहा!" आजोबा पुन्हा बाकावर बसले आणि डबी चष्म्याजवळ नेली. त्यांचा चेहरा बघायला हवा होता. "आणि मखमल अस्सल आहे, कळलं ना? कापडातलं मला कळतं."

आत्या माझ्याकडे बघत होती. मी 'आपण' ऐकायची तयारी करून उभी होते.

"चिकटपट्टी आण," ती म्हणाली.

तिने चिकटपट्टीचा तुकडा मखमलीच्या फटीवर दाबला आणि अलगद उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मग तो भिंगाखाली धरून मला दाखवला. एक कण. साखरेच्या दाण्याच्या पावपटही नव्हता, पण भिंगाखाली हिऱ्यासारखी धार. फिल्म सरकत गेली, हा जागेवरून हलला नाही, आणि त्याने मावशींच्या नाकावर छत्तीस वेळा सही केली.

"इतका?" मी म्हणाले.

"इतकाच पुरतो."

तिन्ही डब्यांची मखमल मीच साफ केली. चिकटपट्टी, मग मऊ ब्रश, मग पट्टी ओढून खिडकीशी धरायची, रेघ आली की पुन्हा पहिल्यापासून. दोन डब्या तासाभरात शुद्ध झाल्या. तिसरी, आगगाडीवाली, काही केल्या ऐकेना. शेवटी आजोबांनी ती मागून घेतली. आता त्यात त्यांच्या सुया असतात आणि ते सगळ्यांना सांगतात की ही डबी चार मीटर दहा उडून आली आहे.

शुक्रवारी मी लोडरकडे बघितलंही नाही. शनिवारी दुपारी आत्या कॅमेरा पुसत म्हणाली, "रोल भर."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मी?"

"मग काय ग्रंथालयाची भिंत भरणार आहे? रेघ कुठून आली हे कळेपर्यंत हात लावायचा नाही, असं म्हणाले होते मी. कळलं ना?"

"कळलं, पण ती तर माझ्यामुळेच..."

"तू बोलली नसतीस तर मी तीन चांगल्या डब्या कचऱ्यात टाकल्या असत्या, आणि तू पुढच्या महिन्यात काळ्या डब्या शाळेत नेल्या असत्यास. भर आता, मावशी थांबल्यात."

मी हात साबणाने धुतले, कोरडे होईपर्यंत वाट बघितली, बाह्या दुमडल्या. काळी डबी घेतली. चिकटपट्टी, ब्रश, पट्टीची चाचणी, खिडकी. स्वच्छ. टोक चिकटवलं, झाकण लावलं, दार उघडलं. आणि हँडल फिरवलं. एक... दोन... तीन... इतकं हळू की आजोबांना बाकावर जांभई आली. मध्ये झटका नाही, शेवटी घट्ट करायला ओढणं नाही, कारण घट्ट ओढलं की फिल्मचे वळे एकमेकांवर घासतात. छत्तीस होईपर्यंत माझ्या कपाळावर घाम आला होता. सावकाश करणं हे फार दमवणारं काम आहे!

टिकटिक मावशींचं दुकान निम्मं खोक्यांत गेलं होतं. भिंतीवर घड्याळांच्या जागी फिकट गोल उरले होते. टेबल मात्र जसंच्या तसं होतं, शेवटचं एक मनगटी घड्याळ उघडं पडलेलं.

"पहिला फोटो का बिघडला गं?" त्यांनी विचारलं.

आत्या माझ्याकडे बघत कॅमेऱ्याशी खेळत राहिली. म्हणून मी सांगितलं. वाळूचा कण म्हटल्याबरोबर मावशी अशा हसल्या की डोळ्याचं भिंग निसटून मांडीवर पडलं.

"अगं, त्याच कणावर माझं घर चाललं की चाळीस वर्षं! लोक म्हणतात घड्याळ बिघडलं. घड्याळ कशाला बिघडेल? आत धूळ जाते. धूळ नसती तर मी काय केलं असतं, सांग?" मग त्या पुढे झुकल्या. "मी शिकत होते ना, तेव्हा उस्तादांचं स्वतःचं घड्याळ उघडलं आणि त्यावर वाकून बिस्कीट खाल्लं. सहा महिने ते घड्याळ दर दुपारी चार वाजता थांबायचं."

"मग तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"नाही बाई. हिंमत नव्हती. सहा महिने दर दुपारी चार वाजता मी चहा आणायला पळायचे." त्या पुन्हा हसायला लागल्या, आणि आत्याने तेव्हाच खटका दाबला. मग हसू ओसरलं, भिंग डोळ्यावर चढलं, ओठ मिटले, स्क्रू उचलला. पुन्हा खटका. पुन्हा. मी प्रत्येक आवाज मोजत होते आणि प्रत्येक आवाजाबरोबर मखमलीतून सरकणारी फिल्म मला दिसत होती.

आत्याने लगेच फिल्म धुतली. ती दोरीवर वाळत होती तेव्हा मी जवळ जायचं धाडस केलं नाही. आजोबा म्हणाले, "बघ की." मी म्हणाले, "तुम्ही बघा." ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय, मला मखमल कळते."

तेवढ्यात दारात टिकटिक मावशी उभ्या! सामान बांधून झालं होतं, म्हणून आल्या होत्या. "कुठाय माझं नाक?" म्हणाल्या.

आत्याने वाळलेली पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली. मावशींनी पर्समधून भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. घड्याळ तपासावं तशी. एकेक चौकट. मध्ये त्या थांबल्या, मागे आल्या, पुन्हा बघितलं. निकाल ऐकायला आलेली वकील माझा हात इतका जोरात दाबत होती की बोटं पांढरी पडली.

"इथे डोळे मिटलेत मी," मावशी म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

छत्तिसावी चौकट आली. त्यांनी भिंग काढलं, रुमालाने पुसलं.

"कण नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते म्हणजे नाही."

मी किंचाळले, वकील किंचाळली, आणि आजोबांनी दोघींना गप्प करायला आमच्याहून मोठा आवाज काढला. मावशी हसत होत्या तो फोटो मला आवडला, पण त्यांनी स्वतः ओठ मिटलेला निवडला. "भिंतीवर मी काम करतानाच लागायला हवी," म्हणाल्या. "हसायला काय, कुणीही हसतं."

आत्या मोठ्या कागदाचा गठ्ठा काढत होती. आमच्याकडे न बघता म्हणाली, "बेकरीवाल्या काकांचाही पुन्हा काढायचाय सोमवारी. हात हललाय त्यांचा. दोन रोल भरून ठेव."

"आत्ता?"

"आत्ताच."

मी हात धुवायला पळाले. मोरीपर्यंत पोचायच्या आत आठवलं, आणि उरलेलं अंतर चालत गेले.